नानायच्या हातचं कोनफळ

ऑर्चर्ड रोडवरच्या त्या जुन्या मॉलमध्ये सरकत्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेलं, की आधी वास येतो. लोण्यात परतलेल्या पिठाचा, गरम केळीच्या पानाचा, आणि या सगळ्याखाली मंद असा नारळाच्या दुधाचा. चार वर्षांनी मी तिथे गेले तेव्हा दुकानांच्या पाट्या बदलल्या होत्या, जिन्याजवळचं घड्याळांचं दुकान जाऊन तिथे मोबाईलची कव्हरं आली होती, पण वास होता तसाच होता. दोन हजार एकोणीसचा डिसेंबर. ऑफिसच्या कामाने पुण्याहून आठवडाभरासाठी सिंगापूरला आले होते. मधला रविवार मोकळा होता. तिकडे जायचं नाही असं ठरवून सकाळी हॉटेलातून बाहेर पडले, आणि अकरा वाजता तिथेच उभी होते.

रविवार हा तिथल्या फिलिपिनो बायकांचा सुट्टीचा दिवस. सगळा मजला त्यांच्या बोलण्याने भरलेला. कुणी जमिनीवर बसून घरी पाठवायचे खोके भरत होतं, साबण, कॉफी, चॉकलेटं, मुलांचे बूट. पॅकिंगच्या चिकटपट्टीचा चर्र आवाज थांबत नव्हता. मिठाईच्या दुकानातल्या बाईने मला बघितलं आणि प्लॅस्टिकच्या इवल्याशा चमच्यावर जांभळा गोळा घेऊन चमचा माझ्यापुढे धरला. ख्रिसमससाठी ताजं आलंय, म्हणाली. कुणासाठी घेताय, मॅम?

सहज विचारलं होतं तिने. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले.

त्या जांभळ्या मुरंब्याला ते लोक उबे म्हणतात. उबे म्हणजे आपलं कोनफळ. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मंडईत कोनफळांचे ढीग लागायचे. मातीने माखलेली, ओबडधोबड, काळी. आई त्यातलं एक घासून घासून धुवायची आणि विळीवर ठेवून चिरायची, आणि त्या काळ्या सालीखालून असा काही जांभळा रंग निघायचा, की दरवर्षी बघूनही मला तो खोटा वाटायचा. चिकाने विळी बुळबुळीत व्हायची. तुपात परतलेल्या त्याच्या काचऱ्या उपासाला असायच्या, आणि उरलंच तर दूध-साखर घालून खीर. त्या खिरीचा वास फार मोठा नव्हता. भांड्याच्या अगदी जवळ नाक नेलं तरच यायचा, थोडासा व्हॅनिलासारखा, थोडासा ओल्या लाकडासारखा. आता आठवतो तेव्हा त्याला नारळाच्या दुधाचा वास चिकटलेला असतो, आणि तो आमच्या घरचा नाही. तो हौगांगच्या फ्लॅटमधला आहे. रोवेनाचा.

दोन हजार दहा साली नोकरी घेऊन मी सिंगापूरला गेले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. हौगांगला नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये खोली मिळाली. शेजारच्या खोलीत रोवेना राहायची. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, वृद्धाश्रमात नर्स होती. बुटकी, रुंद खांद्यांची, चालताना चपलांचा आवाज न करणारी. दिवसभर म्हाताऱ्या माणसांना उचलून, वळवून, भरवून ती घरी यायची आणि आल्या आल्या माझी थंड झालेली खिचडी न विचारता गरम करून ठेवायची. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. हे कळलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याकडे आतेबहीण असते. मी तिला आते म्हणायला लागले. ती मला बुन्सो म्हणायची. बुन्सो म्हणजे शेंडेफळ.

त्या फ्लॅटमधल्या सकाळी अजून ऐकू येतात. अंधार सरायच्या आधीच समोरच्या झाडावर कोकीळ ओरडायला लागायची, डिसेंबरातसुद्धा. मग खालच्या मजल्यावरचे चिनी आजोबा खोकायचे. मग आतेच्या खोलीतून हलक्या आवाजात रेडिओ. खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर तिचे पांढरे युनिफॉर्म वाळत असायचे, आणि पाऊस आला की जी घरात असेल तिने दोघींचे कपडे आत ओढायचे असा आमचा न बोलता झालेला करार होता.

डिसेंबर लागला की ती बदलायची. नाताळच्या आधी नऊ दिवस त्यांच्या प्रार्थना असतात, ती ड्यूटी सांभाळून चर्चला जायची. मी तिला सांगितलं होतं की आमचेही असेच नऊ दिवस असतात, फक्त ऑक्टोबरात. तिला ते एकदम पटलं होतं. आणि त्या महिन्यातल्या रविवारी आम्ही दोघी या मॉलला यायचो. तिची खरेदी म्हणजे अर्धी बोलणी असत. एका दुकानात बसून कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची गावाकडची भिंत पडली हे ऐकायचं, मग पुढच्या दुकानात जाऊन तेच सांगायचं. मी मागे पिशवी धरून. पोल्व्होरॉन नावाची एक मिठाई असते, भाजलेल्या पिठाची, रंगीत झिरझिरीत कागदात गुंडाळलेली. तोंडात टाकली की बोलायचं नाही, नाहीतर पीठ उडतं. पास्तीयास म्हणजे आपले पेढेच, फक्त साखरेत घोळवलेले आणि बोटाएवढे लांब. केळीच्या पानावर भाजलेला बिबिंका, म्हणजे तांदळाच्या पिठाचा केक, गरम असतानाच ती तोडून मला द्यायची. आणि शेवटी उबेच्या बरण्यांपुढे उभी राहायची. उचलायची, उजेडात बघायची, परत ठेवायची.

"रंग घातलाय," असं म्हणायची आणि तरी एक घ्यायचीच.

खरं उबे तिच्या आईचं. तिच्या आईला ती नानाय म्हणायची. त्यांचं गाव पांगासिनान भागात, मनिलापासून बसने पाच-सहा तासांवर. परसात कोनफळाचे वेल होते. डिसेंबरात ते खणायचे, उकडायचे, किसायचे आणि मोठ्या कढईत नारळाच्या दुधात घालून लाकडी पावड्याने ढवळत बसायचं. तीन तास, कधी चार. हात थांबला की खाली लागतं. लहानपणी आतेला आणि तिच्या भावाला पाळीपाळीने ढवळायला लावत, पण शेवटचा अर्धा तास नानाय कुणाच्या हातात पावडं देत नसे. हे सगळं सांगताना आतेचा उजवा हात हवेत गोल फिरत असायचा. सहा नाताळ ती घरी गेली नव्हती. वृद्धाश्रमात नाताळला हटकून माणसं कमी पडत, आणि रजा मागणाऱ्यांत हिचं नाव नसे.

दोन हजार बारा सालच्या डिसेंबरात माझ्या ऑफिसने मला चार दिवसांसाठी मनिलाला पाठवायचं ठरवलं. मी आतेला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी तशीच ठेवून तिने आधी फोन उचलला. दहा मिनिटं त्यांच्या भाषेत बोलणं झालं, त्यात माझं नाव तीन-चारदा आलं. मग म्हणाली, नानाय येईल. गुरुवारी चार वाजता, तुझ्या हॉटेलवर. उबे घेऊन.

एवढ्या लांबून कशाला, असं मी म्हणाले. ती म्हणाली, उबे हे निमित्त आहे. तिला मला बघितलेलं माणूस बघायचंय.

गुरुवारी क्लायंटबरोबरची मीटिंग लांबली. चारचे पाच झाले. पाचला ती संपली, आणि हॉटेल तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. हे मी इतकी वर्षं स्वतःला नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. मीटिंग पाचला संपली होती. त्यानंतरचं जेवण मला टाळता आलं असतं. पण सिंगापूरहून आलेले वरिष्ठ त्या जेवणाला होते, पुढच्या वर्षीच्या टीमबद्दल बोलणं निघणार होतं, आणि मी हॉटेलच्या रिसेप्शनला फोन करून सांगितलं, एक बाई येतील, त्यांच्याकडून बरणी ठेवून घ्या.

परत आले तेव्हा काउंटरवरच्या बाईने टॉवेलात गुंडाळलेली बरणी माझ्या हातात दिली. म्हणाली, त्या साडेसातपर्यंत त्या कोचावर बसल्या होत्या. कॉफी देऊ केली, ती नको म्हणाल्या. दोनदा येऊन विचारलं, इंडियन मॅम आल्या का. शेवटची बस होती म्हणून गेल्या. मग जरा थांबून म्हणाली, "माझी मुलगी नीट जेवते का, एवढंच विचारायचं होतं त्यांना."

मी खोलीवर जाऊन आतेला फोन केला आणि माफी मागितली. आईने बसमधूनच तिला सगळं सांगितलं होतं. काम असतं, बुन्सो, असं ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. मला खूप हलकं वाटलं. तेच वाईट झालं. इतक्या सहज माफी मिळाल्यावर पुन्हा मागायची वेळ आली तर तोंड कसं उघडायचं, हे मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर सामान तपासताना माझी केबिन बॅग बाजूला घेतली. तपासणारी बाई पन्नाशीची होती. तिने टॉवेल सोडला, बरणी हातात घेतली आणि तिचा चेहरा मऊ झाला. घरचं आहे ना, असं तिने विचारलं. मग म्हणाली, हे हातातल्या सामानात नेता येत नाही. पण वेळ आहे तुमच्याकडे. परत जा आणि बॅग चेक-इनला द्या.

मी घड्याळ पाहिलं. वेळ खरंच होता. पण बाहेरची रांग लांब होती, टाच बुटाने सोलली होती, चार दिवसांचा शीण अंगात होता. आणि मनात आलं, मुरंबाच तर आहे. मॉलमध्ये मिळतो.

राहू दे, मी म्हणाले. तिने पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना. मी मान हलवली. तिने टॉवेलाची नीट घडी घालून मला परत दिली. बरणी तिने बाजूच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली नाही. वाकून, दोन्ही हातांनी, टेबलाखाली ठेवली.

विमान उडेपर्यंत मला काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं, आणि त्याबरोबर उपायही सुचला. चांगी विमानतळावरून मी घरी न जाता सरळ मॉलला आले, उबेची एक बरणी घेतली आणि एक कोरी बरणीही घेतली. ऑफिसच्या पॅन्ट्रीत शुक्रवारी संध्याकाळी कुणी नव्हतं. तिथे उभी राहून मी दुकानाचं उबे चमच्याने त्या बरणीत भरलं, वरून सपाट केलं, कडा पुसल्या. आणि नानायच्या टॉवेलात ती बरणी गुंडाळली.

आतेने टॉवेल सोडला तेव्हा आधी बरणीकडे पाहिलंच नाही. टॉवेल तोंडाला लावला. बराच वेळ लावून बसली होती. धुराचा वास आहे, म्हणाली, चुलीचा.

चोवीस तारखेला तिला रात्रपाळी होती, म्हणून आमचा नाताळ दुपारी चार वाजता झाला. तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, नर्सच दोघीही. टेबलावर शेवया, भाजलेलं मांस, माझ्यासाठी वेगळी केलेली वांग्याची भाजी, आणि मधोमध काचेच्या बशीत उबे. बाहेर पाऊस लागला होता. आतेने प्रार्थना म्हटली, मग चमचाभर उबे घेतलं आणि खाल्लं. मैत्रिणी बोलत होत्या. तिने दुसरा चमचा घेतला, तो जिभेवर ठेवून थांबली, आणि मग हसून सगळ्यांना वाढायला लागली. मैत्रिणींनी कौतुक केलं. मीही केलं.

भांडी घासताना ती म्हणाली, "नानाय म्हातारी झाली, बुन्सो. तिच्याने आता ढवळवत नाही."

मी हातातली बशी पुसत राहिले.

ती पुढे बोलत होती, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. साखर जास्त पडलीय. नारळाचं दूध पाणचट आहे. हात दुखत असतील तिचे, आणि मी आहे म्हणून तिने हौसेने केलं असेल. इतका प्रवास, वर तीन तास बसून राहिली. ड्यूटीवर जायच्या आधी तिने घरी फोन लावला. मला त्यांची भाषा येत नव्हती. फक्त आवाज कळत होता, लाडाने दटावणारा. फोन ठेवल्यावर तिनेच सांगितलं. छान झालं होतं असंच सांगितलं मी तिला, पण आता पुन्हा करायचं नाही म्हटलं. यापुढे नाही. मी इथून विकतचं पाठवीन.

सांगायची वेळ तीच होती. टेबलावर ओलं फडकं होतं, तिची युनिफॉर्मची पिशवी दाराशी तयार होती, लिफ्ट यायला वेळ लागायचा. मी तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि मेरी ख्रिसमस म्हणून परत आले.

पुढची वर्षं कशी गेली ते आठवताना मला ऋतू वेगळे करता येत नाहीत. तिथे तसेही ते वेगळे नसतात. दोन-तीन वासच वेगळे आहेत. पहाटेच्या ओल्या सिमेंटचा. लिफ्टमधल्या जंतुनाशकाचा. आतेच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा, जे मी पुण्याहून आणायची. दर डिसेंबरात आम्ही मॉलला जायचो आणि ती आता दोन बरण्या घ्यायची, एक आमच्यासाठी, एक खोक्यात घालून गावी पाठवायला. उजेडात धरून बघणं तिने सोडलं होतं. परसात कोनफळ पिकवणाऱ्या बाईला आम्ही सिंगापूरहून रंग घातलेलं उबे पाठवत होतो. पिशवी मीच धरायची.

दर वर्षी नानाय फोनवर विचारायची, थोडंसं करू का. आते नको म्हणायची. एकदा तिने मला हसत सांगितलं, नानाय शेजारणींना सांगते, माझ्या हाताची चव गेली. मुलीने खाल्लं आणि तिला कळलं, पण गुणाची पोर आहे, बोलली नाही. हे सांगून आते हसली, आणि मग म्हणाली, मी तर छानच झालं होतं म्हणून सांगितलं होतं गं. तिला कसं कळलं असेल.

तेव्हाही मी बोलले नाही. आता सांगून काय उपयोग, असं म्हणायला तोवर मी शिकले होते.

दोन हजार पंधराच्या शेवटी माझं लग्न ठरलं आणि मी पुण्याला परत आले. काही महिन्यांतच नानायला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आतेने नोकरी सोडली आणि ती गावी गेली, आणि ज्या हातांनी तिने दहा वर्षं दुसऱ्यांच्या आईवडिलांना उचललं त्यांनी तिने दोन वर्षं आपल्या आईला उचललं. नानाय गेली तेव्हा तिने मला दोन ओळींचा मेसेज पाठवला. मी फोन केला, रडले, तीही रडली. ती माझं सांत्वन करत होती.

हे सगळं त्या रविवारी दुकानापुढे उभं राहून माझ्या डोक्यात आलं असं नाही. ते रोजच कुठेतरी असतं. पण त्या बाईने कुणासाठी असं विचारलं आणि माझ्याकडे नाव नव्हतं. मी चमचा तिला परत दिला, सॉरी म्हणाले, आणि मागच्या बाजूच्या जिन्यावर जाऊन बसले. तिथे कुणी येत नाही. आतेचा नंबर फोनमध्ये होता. बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो.

तिने लगेच उचलला. तिला खूप आनंद झाला. गावातल्या दवाखान्यात अर्धवेळ काम करते म्हणाली, गुडघे दुखतात म्हणाली, माझ्या मुलीला शाळेत घातलं का विचारलं. मी मॉलमध्ये आहे म्हटल्यावर एकेका दुकानदारणीचं नाव घेऊन चौकशी केली. मी मध्येच तिला थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली. विमानतळ, ती तपासणारी बाई, रांग, पॅन्ट्री, कोरी बरणी. कुठेही थांबले नाही, कारण थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. शेवटी म्हणाले, ते नानायचं नव्हतं, आते. तू खाल्लंस ते दुकानातलं होतं.

पलीकडे लांबून रिक्षासारखं काहीतरी फटफटत गेलं, कोंबडा आरवला. मला वाटलं ती फोन ठेवेल. ठेवावा असंच वाटत होतं.

"तू चाखलंस का ते?" तिने विचारलं. "टाकायच्या आधी. बोटाने तरी?"

"नाही."

"म्हणजे कुणीच नाही चाखलं."

मग तिने अगदी हळू, नर्स पेशंटला विचारते तसं विचारलं, बघितलं होतंस ना पण. कसं दिसत होतं. कडेने तेल सुटलं होतं का.

मी डोळे मिटले. मनिलाच्या त्या विमानतळावरचं पांढऱ्या दिव्यांखालचं टेबल आठवलं, त्या बाईच्या हातातली बरणी. खूप गडद होतं ते, वांग्याच्या सालीइतकं गडद. आणि काचेला लागून वरच्या कडेने एक बारीक, चकाकणारी, पिवळसर रेघ होती.

"हो," मी म्हणाले. "सुटलं होतं. सगळीकडून."

"मग चांगलं झालं होतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, माझ्याशी नाहीच, म्हणाली, "तिला सांगायला हवं होतं."